जुन्या पिकअपचा बोल्ट पॅटर्न बदलायची प्लेट: तयार माल आणि उद्यमबागेतलं काम

जुन्या जीपच्या घराण्यातल्या पिकअपला पाच स्टड (चाक धरणारे बोल्ट) आणि १३९.७ मिमीचा पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, असतो. या मापाची धड रिम जुन्या बाजारात शोधावी लागते. मिळते ती कडेला गंजलेली, नाहीतर नटाची बैठक खाल्लेली. उलट स्कॉर्पिओची १६० ची, इनोव्हाची ११४.३ ची किंवा हायलक्स, डी-मॅक्सची सहा होलची रिम समोर दिसते आणि मन तिकडे जातं. मग हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिम यांच्या मधे, दोन्हींची वेगळी मापं जुळवणारी जोडप्लेट टाकायचा विचार सुरू होतो. बेळगावात ती दोन वाटांनी मिळते. एक म्हणजे ऑनलाइन मागवलेली तयार ॲल्युमिनियमची जोडी, दुसरी म्हणजे उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपला ड्रॉइंग देऊन करून घेतलेली. प्लेट न टाकता हब आणि ड्रमलाच नवी होलं मारून देणारेही आहेत. तिन्हींची पारख इथे करतो आहोत.

प्लेट निवडायच्या आधी माप. सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर हाच पीसीडी. पाच स्टडला समोर जोडीदारच नसतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. शेजारच्या दोन स्टडच्या उजव्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने घ्या आणि १.७०१ ने गुणा. अंतर ८२.१ आलं तर पीसीडी १३९.७, ९४ आलं तर १६०, ६७.२ आलं तर ११४.३. टेपने मोजू नका, कारण एक मिमीची चूक गुणाकारात पावणेदोन मिमी होते. सोबत स्टडचे आटे तपासा. जुन्या जीपला अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचे स्टड असतात आणि काही गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला दिसला तर तो नट उलटाच फिरवायचा. हे माहीत नसलेल्या पोऱ्याने पाइप लावून तिथले स्टड तोडल्याची उदाहरणं गॅरेजागणिक सापडतील.

सगळ्यात जास्त मागणी पाचाचे सहा करायला असते, आणि नेमकं तेच काम सगळ्यात वाईट. पाच स्टड ७२ अंशांवर बसतात, सहा ६० अंशांवर. प्लेट कशीही फिरवा, कुठला तरी नवा स्टड जुन्याच्या ६ अंशांच्या आत येतोच. १३९.७ च्या वर्तुळावर ६ अंश म्हणजे जेमतेम ७.३ मिमी. जुना नट आत बुडवायला आणि त्यात सॉकेट घालायला तीस मिमीच्या आसपास खड्डा लागतो. म्हणजे नवा स्टड त्या खड्ड्यातच येतो, त्याला धरायला धातू उरत नाही. एकाच प्लेटमध्ये हे नीट जमत नाही. दोन थरांची प्लेट करावी लागते, मग जाडी आणि वजन वाढतं आणि चाक फारच बाहेर जातं. हबलाच सहा होलं मारू म्हणाल तर तिथेही तेच. एक नवं होल जुन्यावर आणून बसवलं तरी पुढच्या होलांमध्ये साडेचौदा मिमीच अंतर राहतं, म्हणजे होलाला होल जवळपास टेकतं. १३९.७ वरच पाचाचे सहा करून देतो असं कोणी सहज म्हणाला, तर त्याला आधी कागदावर काढून दाखवायला सांगा.

पाचाचे पाच मात्र सुटसुटीत होतात. नवे स्टड ३६ अंश फिरवून जुन्यांच्या मधोमध येतात. ११४.३ असो की १६०, जुन्या आणि नव्या स्टडमध्ये ४० मिमीच्या वर अंतर मिळतं आणि भरपूर धातू राहतो.

तयार ॲल्युमिनियम प्लेटमध्ये चमक बघू नका. बघायचं ते मधलं होल. चांगल्या प्लेटला मागून हबच्या बॉसवर (मधल्या गोल उंचवट्यावर) घट्ट बसणारी बैठक असते आणि पुढून रिमच्या मधल्या होलात शिरणारी कड असते. ही कड नसेल तर चाकाचं केंद्र धरायचं काम फक्त नटांवर येतं. अशी प्लेट गावात चालते, पण संकेश्वरहून निपाणीकडे हायवेला ७०-८० चा वेग धरला की स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि मग बॅलन्सिंगवर पैसे जात राहतात. धातू ६०६१-टी६ (मजबूत ॲल्युमिनियमचा प्रकार) असल्याचं आणि स्टड १०.९ ग्रेडचे (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) असल्याचं लिहिलेलं हवं. ओतीव प्लेट घेऊच नका. या तयार मालातली आणखी एक अडचण जाडीची आहे. हबच्या तोंडापासून स्टड ३८ मिमी बाहेर असेल आणि प्लेट ३२ ची असेल, तर ६ मिमी स्टड पुढे डोकावतो आणि लोखंडी रिम टेकतच नाही. अलॉयला मागे खिसे असतात म्हणून तिथे कधी निभावतं. स्टड कापून हा प्रश्न सोडवणारे आहेत, पण परत मूळ रिम लावायची वेळ आली की नटाला पुरेसे आटे उरत नाहीत.

पुढच्या चाकाला दुसरी अडचण येते. हबची टोपी, आणि फोर बाय फोर असेल तर लॉकिंग हब, जाड असतो. इनोव्हाच्या रिमचं मधलं होल ६०.१ मिमीचं आहे. टोपी त्याहून रुंद असून प्लेटच्या जाडीपलीकडे आली तर रिम तिच्यावरच अडते. ऑर्डर देण्याआधी टोपीची रुंदी आणि उंची दोन्ही मोजा.

उद्यमबागेचं काम आम्हाला तयार मालापेक्षा उजवं वाटतं, एका अटीवर: ड्रॉइंग तुमचं हवं. तिथल्या शॉपांना एक शतांश मिमीची सवय आहे, प्लेट त्यांना जड नाही. पण ‘अशीच एक करून द्या’ म्हणत नमुना पुढे केला तर नमुन्यातली चूकही तशीच उतरते. ड्रॉइंगवर बॉसचा व्यास, रिमच्या होलाचा व्यास, दोन्ही पीसीडी, ३६ अंशांचा फरक, जाडी, नटाच्या खड्ड्याची खोली आणि दोन्ही तोंडं समांतर असण्याची अट लिहा. होलं व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) किंवा डिव्हायडिंग हेडवर (नेमके अंश फिरवणाऱ्या साधनावर) मारायला सांगा. पंच मारून रेडियल ड्रिलवर केलेल्या होलांमध्ये अर्धा मिमी सहज सरकतो. स्टड मागून दाबून बसवायचे असतात, तेव्हा विकत घेतलेला स्टड सोबत न्या म्हणजे होल त्याच्या दातऱ्यांच्या मापाने, किंचित लहान ठेवता येईल. ठोकून बसवू देऊ नका, प्रेसवरच बसवून घ्या.

हब आणि ड्रमलाच नवी होलं मारणं माल वाहणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात चांगलं, कारण चाक बाहेर जात नाही. फक्त हबच्या फ्लँजला (स्टड बसतात त्या चकतीला) नव्या वर्तुळाबाहेर आणि आत पुरेसा धातू हवा. ड्रमला त्याच मापाची होलं हवीत. जुनी होलं वेल्डिंगने भरू नका. ओतीव लोखंड तिथे तडकतं.

बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने लखलखीत करा. खानापूरकडच्या पावसात चालणाऱ्या गाडीच्या हबवर गंजाची पापडी असतेच. ती दबली की नट सैल पडतो, आणि रंगाच्या जाड थराचंही तेच होतं. ड्रमचे छोटे स्क्रू पृष्ठभागाच्या वर राहिले तर प्लेट डुगडुगते. आट्यांना तेल लावू नका. मधल्या बैठकीला मात्र अँटी-सीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) हलका हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यानंतर ॲल्युमिनियम हबला चिकटून बसतं. आतले नट १०० ते ११० न्यूटन-मीटर, ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून पुढचा. नट किमान दहा फेरे चढायला हवा, कारण अर्धा इंची स्टडला तेवढी पकड लागते. नटाची बैठक रिमप्रमाणे हवी, शंकूची किंवा गोल. दोघांची सरमिसळ चालत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा ताणा. बाहेरून ते दिसत नाहीत, म्हणून विसरले जातात.

टनभर भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला उतरणाऱ्या गाडीला प्लेट लावू नये, हे आमचं ठाम मत. ३२ मिमीची प्लेट म्हणजे दर बाजूला चाक तेवढंच बाहेर, बेअरिंगवर जास्त ताण आणि वर ब्रेक तापून हब गरम. अशा गाडीला मूळ पीसीडीची नवी लोखंडी रिम शोधा किंवा हबचं काम करा. शेतावर नि गावात फिरणाऱ्या हलक्या गाडीला बैठकीची प्लेट चालेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मडगार्डबाहेर आलेलं चाक पासिंगला आणि अपघातानंतर विम्याला दोन्हीकडे अडतं, हेही आधी लक्षात घ्या.

स्टेपनीचा विचार बहुतेक जण करत नाहीत. प्लेट लावल्यावर जुनी स्टेपनी बसत नाही, रस्त्यात प्लेट काढावी लागते. पाचवी रिमही नव्या पॅटर्नची घ्या, आणि खड्ड्यातल्या नटासाठी पातळ भिंतीचा सॉकेट गाडीतच ठेवा. जॅकसोबत येणारा पाना त्या खड्ड्यात शिरत नाही.