सायकल आणि पादचारी: एकच वाट, मधली रेघ की वेगळी पातळी?

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. 2006-07 पासून ही सोय आहे. यंदा आम्ही सोसायटीतल्या पाच जणांनी एकच मागणी द्यायची ठरवली: चौकापासून बागेपर्यंत चालायला आणि सायकलला धड जागा हवी. पण ‘धड जागा’ म्हणजे काय, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. तुम्हीही असं काही मागणार असाल, तर आम्ही ताडून पाहिलेले पर्याय उपयोगी पडतील. मी रोज सायकलने कामाला जाते आणि संध्याकाळी आईला हात धरून फिरायला नेते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भिडतो.

पहिला पर्याय सगळ्यांची मिळून एकच वाट, मध्ये काहीही नाही. ऐकायला छान वाटतं आणि कमी जागेत बसतं. पण जरा हिशेब करा. माणूस तासाला पाचेक किलोमीटर चालतो, सायकल आरामात चालवली तरी पंधराने जाते. मागून येणाऱ्या सायकलने दहा मीटरवरून घंटी वाजवली, तर चालणाऱ्याच्या हातात साडेतीन सेकंद असतात. सायकल पंचविसाने असेल तर दोन सेकंदही नाहीत. माझी आई घंटी ऐकली की आधी मागे वळून बघते, आणि वळताना नेमकी उजवीकडे सरकते, म्हणजे सायकल जिथून येतेय तिथेच. तिची चूक नाही. सत्तरीच्या पुढच्या अनेकांची मान एकटी वळत नाही, खांदे आणि पाऊल सोबत जातात. हे लक्षात आल्यापासून मी मागून घंटी वाजवणं सोडलं. वेग चालण्यावर आणते, लांबूनच “आजी, उजवीकडून येतेय हं” म्हणते आणि त्यांनी ऐकल्याची खात्री झाली की मगच पुढे जाते. जर्मनीत अशा सामाईक वाटेच्या निळ्या गोल पाटीवर वर पादचारी, खाली सायकल आणि मध्ये आडवी रेघ असते. तिथे सायकलवाल्याने पादचाऱ्याला सांभाळून, गरज पडेल तिथे त्याच्या चालीवर वेग आणायचा असा नियमच आहे. हा नियम पाळला जाणार असेल, वाट चारेक मीटर रुंद असेल, माणसं विरळ असतील आणि मध्ये सोसायट्यांची फाटकं नसतील, तर सामाईक वाट जरूर मागा. कॅम्पसच्या आतली वाट, तळ्याभोवतीचा फेरा, कालव्याकाठ अशा ठिकाणी ती चालते. मंडईकडे किंवा शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागू नका.

दुसरा पर्याय एकाच वाटेवर पांढरी रेघ: इकडे पादचारी, तिकडे सायकल. खर्च कमी म्हणून सहसा हाच आधी सुचवला जातो. माझा याला सर्वांत जास्त विरोध आहे. रेघ आली की सायकलवाल्याला वाटतं, ही बाजू माझी, मग तो वेग वाढवतो. चालणारे तिघं गप्पा मारत आले की त्यातला एक रेघेपलीकडे असतोच. सामाईक वाटेवर दोघंही सावध असतात, रेघेवर दोघंही निर्धास्त होतात आणि धडकतात. शिवाय दृष्टिहीन माणसाच्या काठीला रंग लागत नाही. ब्रिटनमध्ये यासाठी वाटेच्या तोंडाशी उंचवट्यांच्या पट्ट्या बसवतात: पादचाऱ्यांच्या बाजूला आडव्या, सायकलच्या बाजूला उभ्या, म्हणजे पायाला आणि काठीला कळतं. तेवढं करणार नसतील तर नुसती रेघ स्वीकारू नका.

तिसरा पर्याय वेगळी पातळी: फूटपाथ वर, सायकलची वाट पाचेक सेंटीमीटर खाली, मधली कड उतरती. काठीला ती सापडते आणि पेडल तिच्यात अडकत नाही. गर्दीच्या रस्त्यावर हाच चांगला, पण त्याला जागा लागते. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पादचाऱ्यांना किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, आणि ‘मोकळी’ म्हणजे खांब, झाड, विजेचा डीपी वगळून. सायकलला आणखी दोन मीटर धरा. कागदावर एवढी जागा मिळतेही, बिघडतं ते तपशिलात. दर फाटकाशी वाट खाली उतरून परत चढत असेल, तर सायकलवाला चार फाटकांनंतर रस्त्यावर येतो. पेव्हर ब्लॉक बसवले तर पहिल्या पावसाळ्यात ते खचतात आणि मनगटं हादरतात, म्हणून सायकलच्या बाजूला डांबर किंवा सलग काँक्रीटच मागा. वाट चौकाच्या वीस मीटर आधी संपत असेल, तर जिथे धोका जास्त तिथेच ती नाही असं होतं.

दुचाकी वर चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे वाटेच्या तोंडाशी आखूड खांब, लावा, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतंच. दुचाकींना तिथे कायद्याने मनाई आहेच, पण खांबांनी ते साधत नाही. व्हीलचेअर जायला 90 सेंटीमीटरची फट ठेवावी लागते आणि मोपेड साधारण 70 सेंटीमीटर रुंद असते. फट कमी केली तर आधी व्हीलचेअर अडते. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबांमधून रोज संध्याकाळी मोपेड सरळ आत जातात आणि बाळाची गाडी ढकलणारी आई वळसा घालून रस्त्यावर उतरते. दुचाकी वर येतात त्या बहुतेक सिग्नलची रांग चुकवायला, तेव्हा तिथे पोलीस उभा असणं खांबापेक्षा जास्त कामाचं.

शेवटी आम्ही टेप घेऊन रुंदी मोजली. निघाली 2.7 मीटर, आणि झाडाच्या आळ्याशी 1.9. म्हणजे तिन्ही पर्याय बाद. वादाआधीच मोजायला हवं होतं, तुम्ही तरी आधी मोजा, आणि सगळ्यात अरुंद जागी मोजा. मग चौथी गोष्ट लिहिली: सगळी रुंदी फूटपाथला द्या, सायकली रस्त्यावरूनच जाऊ द्या, पण गाड्यांचा वेग तासाला तीसच्या आत येईल असे गतिरोधक आणि रस्त्यापेक्षा उंच उचललेली क्रॉसिंग करा. लहान मुलांच्या सायकलींना मात्र फूटपाथवर मोकळीक मागितली. जपानमध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्यांना ती आहे. सिंगापूरमध्ये फूटपाथवर सायकलला तासाला 10 किलोमीटरची मर्यादा आहे, तीच आम्ही अर्जात घातली. आईने अर्ज वाचला आणि सही करण्याआधी एक ओळ वाढवायला लावली: बागेच्या अलीकडे बसायला एक बाक, पण चालण्याची रुंदी सोडून, भिंतीच्या बाजूला.