१२.९ ग्रेडच्या बोल्टला कोटिंग कोणतं: झिंक प्लेटिंग, हॉट डिप की झिंक फ्लेक?

चकचकीत प्लेटिंग केलेला ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) टॉर्क देऊन कसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं तुटून खाली पडलेलं. कुठे वाकलेला नाही, ताणलेला नाही. डोक्याच्या मुळाशी नुसता दाणेदार भंग. असं दिसलं की पहिला संशय हायड्रोजनवर घ्यायचा. ॲसिड पिकलिंगमध्ये (गंज काढायला ॲसिडात बुडवताना) आणि प्लेटिंगच्या टाकीत तो अणुरूपाने पोलादात शिरतो, मग जिथे ताण जास्त तिथे हळूहळू जमतो. म्हणून बोल्ट कसताना टिकतो आणि काही तासांनी जातो. ८.८ ग्रेडला (आकडा ताकदीचा, मोठा तितका बोल्ट मजबूत) ही भीती जवळपास नाही. १२.९ ची हार्डनेस ३९ ते ४४ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप), खरी डोकेदुखी तिथे.

झिंक प्लेटिंग स्वस्त, थर पातळ, आटे भरत नाहीत. पण १२.९ ला हायड्रोजन बाहेर काढायला बेकिंग हवंच: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये, १९० ते २२० अंश सेल्सिअसला, कित्येक तास. पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक रासायनिक थर) त्यानंतर, आधी केलं तर उष्णतेने तो थर खराब होतो. गोम अशी की झिंकचा थरच हायड्रोजनची बाहेर पडायची वाट अडवतो. शिवाय बेकिंग झालंय की नाही, हे नुसतं बोल्टकडे बघून कळत नाही. प्लेटिंगवाल्याकडे त्या लॉटचा ओव्हन चार्ट मागा. टाळाटाळ झाली तर माल उचलू नका.

हॉट डिपचा (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून दिलेला) जाड थर उघड्यावरच्या स्ट्रक्चरला उत्तम, पण तो १२.९ साठी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ मध्ये हॉट डिप केलेल्या ९६ जाड, उच्च ताकदीच्या अँकर रॉडपैकी ३२ कसल्यावर काही दिवसांत तुटले. ते आधी बरीच वर्षं पाणी साचलेल्या भोकांत उभे होते. म्हणजे हायड्रोजन नंतर, गंजताना, बाहेरूनही येतो. बेकिंगचा त्यावर काही उपयोग नाही.

झिंक फ्लेकमध्ये (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचं रंगासारखं कोटिंग) वीज नाही, आणि सफाई शॉट ब्लास्टिंगने केली तर ॲसिडही नाही. कोटिंग करताना हायड्रोजन शिरायला वावच राहत नाही. साधारण १० मायक्रॉनचा थर मीठफवाऱ्याच्या चाचणीत प्लेटिंगपेक्षा कितीतरी जास्त तास काढतो. भाव मात्र चढा. बारीक ॲलनच्या खाचेत कोटिंग साचून ॲलन की (षटकोनी चावी) बसत नाही, आणि घर्षण बदलतं, तेव्हा टॉर्क नव्याने ठरवावा लागतो.

माझं मत: १२.९ उघड्यावर लागणार असेल तर झिंक फ्लेक. मशीनच्या आत, तेलात बसणार असेल तर कोटिंगचा खर्चच कशाला, ब्लॅक (काळा ऑक्साइड फिनिश) पुरे. आणि डिझाइन अजून कागदावर असेल तर एक साइज मोठा १०.९ बसतो का, ते आधी बघा.