मुलीला इंटरनेट सुरक्षा शिकवायला गेलो आणि ₹78,238 गेले

आधीच सांगतो, मी एकवीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. 'आज रात्री तुमची वीज तोडणार' छापाचे मेसेज ऑफिसात मोठ्याने वाचून हसणारा माणूस मीच. सासऱ्यांना दर दिवाळीला ओटीपीवर व्याख्यान देतो. त्यामुळे "तुम्ही कसे फसलात हो?" हे कृपया विचारू नका. तीन आठवड्यांत बारा जणांनी विचारून झालंय, त्यातल्या दोघांचे स्वतःचे पैसे याआधी गेलेत.

मुलगी तिसरीत आहे. रविवारी संध्याकाळी वर्गाच्या पालक ग्रुपवर मेसेज आला : 'आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी इंटरनेट सुरक्षा कार्यशाळा, नोंदणी फक्त ₹10, जागा मर्यादित.' खाली एक फाइल. पाठवणारी तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीची आई. रोज गेटवर भेटणारी बाई, तिच्यावर संशय घ्यायचा? तिने तो पाठवलाच नव्हता. तिचा फोन आदल्या दिवशीच भामट्यांच्या ताब्यात गेला होता आणि मेसेज आपोआप सुटत होते. हे मला सोमवारी कळलं.

फाइल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये ॲप बसवणारी. इथे तुम्ही कपाळाला हात लावला असेल. मी रोज लावतो.

फोनने लाल खूण दाखवून सांगितलं की हे ॲप हानिकारक असू शकतं. 'तरीही इन्स्टॉल करा' हे बारीक अक्षरात होतं. मी चष्मा लावून ते शोधलं. आणि तेवढ्यात मांडीला टेकून बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, हे प्ले स्टोअरमध्ये का नाहीये? आमच्या टीचर म्हणाल्या, बाहेरून काही घ्यायचं नाही."

मी काय म्हणालो असेन? "अगं, हे तेच शिकवणारं ॲप आहे. तुझ्यासाठीच करतोय ना? जा, पाणी आण."

तिने पाणी आणलं. मी ते पीत पीत एसएमएस वाचायची परवानगी दिली, मेसेजसाठी तेच मुख्य ॲप करायलाही 'हो' म्हटलं. कार्यशाळेला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न आठ वर्षांच्या पोरीने विचारला असता. मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

मग फॉर्म. मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळा, फोटो, आधार दोन्ही बाजूंनी. शेवटी ₹10 साठी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. 'पेमेंट अयशस्वी' असं आलं. ते दहा रुपये मात्र वाचले.

सोमवारी सकाळी पेट्रोल पंपावर ₹500 चं पेट्रोल भरलं आणि शिल्लक अपुरी. खात्यात ₹312. रात्री 11:52 ला ₹24,999, 11:54 ला ₹24,999, 12:03 ला ₹18,500, 12:07 ला ₹9,740. बारा वाजता तारीख बदलली की रोजची मर्यादा नव्याने सुरू होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ओटीपी आले ते थेट त्यांच्याकडे गेले, मला एकही दिसला नाही. मागे रांगेतला रिक्षावाला हॉर्न मारत होता. शेवटी त्यानेच "द्या नंतर" म्हणून माझे पाचशे भरले. या सगळ्या प्रकरणात मला भेटलेला एकमेव मदत करणारा माणूस तो.

माझी पुढची चूक : आधी बँकेच्या कस्टमर केअरला लावला आणि चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. तुम्ही तसं करू नका. सरळ 1930 लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन; व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, मग बाकीचं. आणि तो फोन आधी फ्लाइट मोडवर टाका; दुसऱ्याच्या फोनवरून बोला. माझ्या फोनमधून तोवर हीच फाइल तीन ग्रुपवर गेली होती, त्यात सासरचा एक. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, कार्यशाळा चांगली आहे का?"

बँकेच्या शाखेत साहेबांनी मान वर न करता ऐकवलं, "ओटीपी टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत, म्हणजे तुम्हीच दिला." अहो, कुणाला दिला? रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक छापून नेलं होतं. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची ती बँकेने, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्यांनी ते उलटं धरून बघितलं आणि "हे हेड ऑफिसला विचारावं लागेल" म्हणाले. तक्रारीची पोच मागितली तर शिक्का संपला होता. शिक्का संपतो? तीन दिवस फेऱ्या मारून ती पोच घेतली. तुम्ही पहिल्याच दिवशी ईमेल करा, तारखेसकट पुरावा राहतो.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात. चौथ्या खेपेला एका हवालदाराने अर्ज घेतला. "साहेब, शिकलेले दिसता," एवढंच बोलले, पण ते बँकेपेक्षा जास्त लागलं. ₹9,740 कुठल्याशा खात्यात अडवून ठेवलेत म्हणे. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. उरलेल्या ₹68,498 बद्दल कुणी बोलतच नाही.

पैशांचं एक वेळ जाऊ दे. कार्ड बंद केलं, नवं आलं. मुलीची जन्मतारीख कशी बदलू? तिचा फोटो, शाळा, आधार त्यांच्याकडे आहे. तिच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, बायकोने फोटो लावलेले डीपी काढले, गेटवर आजीलाच आणायला पाठवतो. आणि हो, कुठलाही फॉर्म पोराचं आधार मागत असेल तर तो फॉर्म तिथेच सोडा, शाळेचं नाव असलं तरी. शाळेला आधी फोन करा.

परवा शाळेने खरीच कार्यशाळा ठेवली. फुकट. डायरीत छापील चिठ्ठी, खाली पालकांच्या सहीची जागा. मी पेन काढलं तर मुलीने चिठ्ठीवर हात ठेवला. "बाबा, आधी टीचरना फोन कर."

केला.