कोची-मुझिरिस बिएनाले: उद्घाटनाला नको, फेब्रुवारीत जा

कोचीच्या बिएनालेला, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाला, जायचं तर उद्घाटनाचा आठवडा टाळा. पहिली बिएनाले १२-१२-१२ या तारखेला उघडली, तेव्हापासून १२ डिसेंबर हा मुहूर्तच होऊन बसला आहे. मुहूर्त दिसायला छान, पण कामाच्या दृष्टीने वाईट. केरळातला परतीचा पाऊस तेव्हा पुरता सरलेला नसतो, परदेशातून येणारी खोकी कस्टम्समध्ये अडकलेली असतात आणि प्रदर्शन ज्या जुन्या गोदामांत भरतं तिथे वायरिंग चालूच असतं. २०२२ मध्ये तर मुख्य प्रदर्शन आदल्या दिवशी पुढे ढकललं आणि २३ डिसेंबरला उघडलं. विमानाची तिकिटं काढून आलेले लोक बंद दारांसमोर उभे राहिले. पन्नासहून जास्त सहभागी कलाकारांनी उघड पत्र लिहून गळती, वीज, अपुरी माणसं आणि उशिरा पोचलेलं सामान यांची यादीच मांडली. एरवीही पहिल्या दोन आठवड्यांत अर्धवट खोल्या आणि बंद प्रोजेक्टर बघायची तयारी ठेवावी लागते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडाही नको. तेव्हा कोचीन कार्निव्हल असतो. ३१ तारखेच्या रात्री पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात आणि त्या गर्दीत खोल्यांचे भाव चढतात, बोटींना रांगा लागतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. मार्चमध्ये पत्र्याच्या आणि कौलांच्या गोदामांत दुपारी थांबवत नाही.

एवढ्या तक्रारींनंतरही जावं, कारण प्रदर्शनाने शहराची ओळख बदलल्याचं इतकं ठळक उदाहरण भारतात दुसरं नाही. त्याआधी पर्यटकांच्या लेखी शहराचा जुना समुद्रकाठचा भाग, फोर्ट कोची, म्हणजे मुन्नार किंवा अलेप्पीच्या वाटेवरचा एक मुक्काम. मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर फोटो, संध्याकाळी कथकली, सकाळी गाडी. आता लोक बिएनालेसाठी येतात आणि दोन-तीन रात्री राहतात. पहिल्या खेपेला सुमारे चार लाख लोक आल्याचं आयोजक सांगतात. आकड्यावर वाद घाला हवं तर, पण शाळांच्या सहली, बुरख्यातल्या आज्या आणि खांद्यावर पोर घेतलेले बाप व्हिडिओ कलाकृतीसमोर उभे असतात, हे दृश्य मुंबईच्या दालनांत दिसत नाही.

नावातली चलाखीही दाद देण्याजोगी आहे. मुझिरिस हे रोमन व्यापाराचं प्राचीन बंदर, कोडुंगल्लूरच्या आसपासचं. १३४१ च्या पेरियार नदीच्या पुरात ते गाळाने बुजलं आणि कोची बंदराचं मुख खुलं झालं, असं मानतात. तेव्हा कोचीने आपल्या नावापुढे मुझिरिस जोडलं आणि एका झटक्यात दोन हजार वर्षांचा वारसा पदरात पाडून घेतला. पहिल्याच वर्षी कलाकार विवान सुंदरम यांनी पट्टणम इथल्या (हेच मुझिरिस असावं असं मानतात) उत्खननातली खापरं वापरून काम उभं केलं, त्यामुळे ही जोड नुसती पाटीपुरती राहिली नाही.

आणि हे घडवलं कोणी? संस्थापक बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे. २०१४ चे क्युरेटर (कलाकार निवडून प्रदर्शन रचणारे) जितिश कलात आणि २०१६ चे सुदर्शन शेट्टी तेही जेजेचेच. सहाव्या खेपेची (१२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६) धुरा कलाकार निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या संस्थेकडे गेली. माणसं मुंबई-गोव्याची, शहर मात्र कोची. मुंबईकडे दालनं होती, संग्राहक होते, पण पाण्याकाठची रिकामी गोदामं आणि नवं काहीतरी व्हावं असं वाटणारं सरकार एकाच वेळी हाताशी नव्हतं. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालू आहे, पण नऊ दिवसांत स्टॉल, सेल्फी आणि वाहतूक कोंडी यापलीकडे फारसं काही रुजत नाही.

बिएनालेची खरी ताकद तिच्या जागांत आहे. ॲस्पिनवॉल हाऊस ही १८६७ सालची व्यापारी पेढी, मिरी, आलं, काथ्या असा माल हाताळणारी. २०१४ मध्ये तिथे शिल्पकार अनिश कपूर यांनी जमिनीत खोल काळ्या पाण्याचा भोवरा फिरता ठेवला होता. खिडकीबाहेर समुद्र, आत भोवरा. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी एक गोदाम समुद्राच्या पाण्याने भरलं. भिंतीवरची कविता वाचायला नडगीभर पाण्यातून चालत जावं लागे, विषय समुद्रात बुडालेल्या निर्वासित मुलाचा. ही कामं वातानुकूलित दालनात नेली असती तर अर्धी मेली असती.

पण याच जागा दुखणंही आहेत. त्या बिएनालेच्या मालकीच्या नाहीत, म्हणून स्थळांची यादी दर खेपेला बदलते. जुना नकाशा हातात घेऊन फिरू नका, ताजा घ्या. कौलारू छताखाली भिंती वरपर्यंत गेलेल्या नसल्या की एका खोलीतला आवाज दुसरीत घुसतो. शेजारी-शेजारी दोन व्हिडिओ असले तर दोन्ही वाया. दमट हवेत कागद फुगतो, प्रोजेक्टर तापतो. कलाकृतीशेजारचा मजकूर बऱ्याचदा इतका बोजड असतो की आधी काम बघावं, मग वाचावं. व्हिडिओच्या दारात लांबी लिहिलेली असते, ती बघूनच आत बसा. पाऊण तासाचे दोन बघितले की सकाळ संपते.

दिवस किमान दोन ठेवा. पहिला फोर्ट कोचीला, कालवती रस्त्यालगत पायी. दुसरा शेजारच्या मट्टांचेरीला. तिथल्या बाजाररस्त्यावर विद्यार्थी बिएनाले, म्हणजे कलाविद्यार्थ्यांचं समांतर प्रदर्शन, शोधा. मुख्य प्रदर्शनापेक्षा कच्ची, पण कित्येकदा जास्त जिवंत. मट्टांचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी-शनिवारी, म्हणून दुसरा दिवस या वारांवर येऊ देऊ नका. चेरळाई भागात कोचीन तिरुमला देवस्वम हे मंदिर आणि कोकणी बोलणारी वस्ती आहे. मालवणी कानांना ती बोली परकी वाटत नाही. नाना जमातींचं बंदर ही कोचीची गोष्ट बिएनाले हौसेने सांगते, इथे ती रोजच्या व्यवहारात ऐकू येते.

रेल्वेने मुंबईहून नेत्रावती किंवा कल्याण-पनवेलहून मंगला, दोन्ही कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलम जंक्शनला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात, येतात. दरबार हॉल हे कलादालन स्टेशनजवळच आहे, स्थळांच्या यादीत असेल तर तो उतरल्या दिवशीच उरका. फोर्ट कोचीला जायला दोन बोटी आहेत. एर्नाकुलम जेट्टीवरून सरकारी बोट, तिकीट अगदी किरकोळ. हायकोर्टजवळून वॉटर मेट्रो, वातानुकूलित, पण बोटीत शंभरच प्रवासी घेतात. रविवारी दुपारी तिची रांग बघून सरळ सरकारी बोटीकडे वळा. नेदुंबासेरी विमानतळापासून फोर्ट कोची सुमारे ४० किलोमीटर आहे, संध्याकाळी दीड-दोन तास धरा.

राहायचं फोर्ट कोचीतच, एर्नाकुलमला नाही. नव्याने कॅफे, होमस्टे आणि भित्तिचित्रं आली ती इथेच. पलीकडच्या काठावरच्या मॉल आणि मेट्रोच्या शहराला बिएनाले चालू आहे की बंद, याचं फारसं सोयरसुतक नाही. या भागात खोल्या आणि भाडी महागली, हा त्या कीर्तीचा दुसरा परिणाम. म्हणून जानेवारीच्या शनिवार-रविवारची खोली महिनाभर आधी धरून ठेवा, नाहीतर मंगळवार-बुधवारचा बेत आखा.