मॅट्रिक्स मीटर १/३ स्टॉप खाली: डी७२०० आणि सोलापूरचं ऊन

निकॉन डी७२०० या कॅमेऱ्याच्या कस्टम सेटिंग मेनूत मीटरिंगच्या गटात ‘फाइन-ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर’ अशी एक ओळ आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिथे मॅट्रिक्स मीटरिंग (सगळी चौकट पाहून प्रकाश मोजण्याची पद्धत) −२/६ वर नेलं, म्हणजे १/३ स्टॉप खाली, फोटो किंचित गडद. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. तेव्हापासून ते तिथेच आहे. मधे गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) झाली, लग्नसराई झाली, एप्रिल-मेचं ऊनही झालं. आता यावर खात्रीनं लिहिता येईल, आणि ज्यांना आपल्या भागात भर उन्हात माणसांचे फोटो काढावे लागतात त्यांच्यासाठी ते लिहायला हवं असं मला वाटतं.

आधी एक फरक. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड हातानं वर-खाली करणं, हे त्या त्या दृश्यापुरतं असतं. बटण दाबून चकती फिरवली की व्ह्यूफाइंडरमध्ये त्याची खूण दिसते. फाइन-ट्यून मीटरचा शून्यच सरकवतं. तराजूचं पासंग आधी काढून घ्यावं आणि मग वजन टाकावं, तसा हा प्रकार आहे. पायऱ्या १/६ स्टॉपच्या, मर्यादा एक स्टॉप वर किंवा खाली. मॅट्रिक्स, सेंटर-वेटेड (मधल्या भागाला जास्त वजन) आणि स्पॉट (फक्त एका लहान ठिपक्यापुरतं मोजणं) या तिन्हींना वेगवेगळा आकडा देता येतो. यातला स्पॉट मी मुद्दाम शून्यावर ठेवला आहे, कारण तो वापरताना कुठे मोजायचं आणि किती वर-खाली करायचं हे मीच ठरवते. तिथे कायमचा कल असला तर माझाच हिशेब चुकेल.

हे करावं का लागलं? कॅमेऱ्यात दोष होता म्हणून नाही. कुठलंही मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्याच्या आसपास आणू पाहतं, आणि मॅट्रिक्स मीटर फोकसचा बिंदू जिथे असेल त्या भागाला जास्त मान देतं. माझा फोकस बहुतेक वेळा उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर असतो आणि त्या चेहऱ्याखाली पांढरे कपडे असतात. मीटर चेहरा उजळ करायला जातं आणि पांढरा रंग सेन्सरच्या पलीकडे निघून जातो. सावलीतला भाग या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते ४०० पर्यंत, सहज वर काढता येतो. उडालेला पांढरा मात्र परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

आकडा ठरवताना तीन गोष्टी सांभाळा. अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग (ऊन-सावलीतला फरक कॅमेऱ्यानंच कमी करण्याची सोय) पूर्ण बंद करा. ते चालू असताना कॅमेरा मॅट्रिक्समध्ये स्वतःच एक्स्पोजर बदलतो आणि आपण नेमकं काय मोजतोय ते कळत नाही. कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे ना ते पाहा, कारण कॅमेरा बंद केला तरी ते आपोआप शून्यावर येत नाही. आणि प्लेबॅकमध्ये हायलाइटची लुकलुक (उडालेला भाग लुकलुकून दाखवणारी खूण) व आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचा वेगवेगळा उजेड-आलेख) चालू करा. नुसत्या स्क्रीनकडे पाहून आकडा ठरवू नका. दुपारच्या उन्हात ती अंधारी दिसते आणि हात आपोआप उजेड वाढवायला जातो. मी किल्ल्याच्या बागेत आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी, सूर्य पाठीशी घेऊन, नेहमीचीच दृश्यं −१/६, −२/६, −३/६ अशी टिपत गेले. −३/६ ला चेहरे जड वाटायला लागले.

खरा उपयोग दिसला तो जानेवारीत. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघालेले सात नंदीध्वज (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या), खाली पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातली) गर्दी, अर्धी गल्ली उन्हात आणि अर्धी सावलीत. तिथे प्रत्येक फोटोला चकती फिरवायला सवड नसते. काठी तोल सांभाळत पुढे सरकते आणि क्षण निघून जातो. आयएसओ ऑटो, अ‍ॅपर्चर एफ/८, मीटर मॅट्रिक्स, एवढ्यावर दिवसभर चाललं. कपड्याची वीण आणि चुण्या टिकल्या. नंदीध्वज पेलणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांनी फोटो पाहून सांगितलं, “अवंदा बाराबंदीचा बंद न् बंद दिसायलाय बघ.” हीच दाद मला हवी होती.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर मात्र हा उपाय अपुरा पडतो. काळविटाच्या नराची पाठ गडद, पोट पांढरं आणि भोवती उन्हानं पिवळं पडलेलं गवत. फोकस पाठीवर गेला की मीटर उजेड वाढवतं, आणि १/३ स्टॉपनं पोट वाचत नाही. तिथे मी आणखी −२/३ कॉम्पेन्सेशन देते. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी फोटो काढताना उलट घडतं. पांढऱ्या टेरी टॉवेलनं चौकट भरली की मीटर त्याला करडा करतं, म्हणून तिथे +१ च्या आसपास जावंच लागतं. सोलापुरी चादरीचा लाल मात्र या खालच्या शून्यामुळे सुधारला. आधी लाल चॅनल एकटाच भरून जायचा आणि नक्षीच्या कडा सपाट व्हायच्या. साधा पांढरा हिस्टोग्राम हे दाखवत नाही, म्हणूनच वर आरजीबी म्हटलं.

यात्रेत होम मैदानावर होणाऱ्या शोभेच्या दारूकामाशी याचा संबंध नाही. तिथे तिपाई, पूर्ण मॅन्युअल आणि लांब शटर. पण मॅन्युअलमध्ये मीटरची पट्टी जुळवून फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा: मॅट्रिक्स लावलेलं असेल तर ती पट्टीही सरकलेलीच असते. मॅन्युअलला ऑटो आयएसओ जोडलं तरी तेच.

एक गोष्ट मला अजून खटकते. फाइन-ट्यूनची खूण कुठेही दिसत नाही, ना व्ह्यूफाइंडरमध्ये ना कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या पडद्यावर. सेटिंग करताना कॅमेरा एकदा तशी सूचना देतो, त्यानंतर मेनूत शिरल्याशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून मी कॅमेऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला ‘मॅ −२/६’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. लग्नात दुसऱ्या कुणाच्या हाती कॅमेरा देताना ती आधी दाखवते. वापरलेली बॉडी विकत घेणार असाल तर शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा) विचारण्याबरोबर हा मेनूही उघडून पाहा. आधीच्या मालकानं इथे काही सरकवलेलं असेल, तर तिन्ही आकडे शून्यावर आणून मगच चाचणीचे फोटो काढा.