सेमी-ऑटोवर अमायलेज-लायपेज: नऊ महिन्यांनंतर

चोपड्याला माझी छोटी लॅब आहे. पोट धरून पेशंट आला की अमायलेज-लायपेजचं (स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स) सॅम्पल जळगावला जायचं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोवर डॉक्टरांचे तीन फोन: "भाऊ, आकडा आला का?" म्हणून दिवाळीत सेमी-ऑटो ॲनालायझर घेतलं, म्हणजे सॅम्पल आणि रसायन आपण हातानं मिसळायचं, रंग मशीन मोजतं.

अमायलेजचं काम सोपं. एकच रिएजंट (तपासणीचं रसायन), सीएनपीजी-3 चं; अमायलेजनं ते तुटलं की पिवळं होतं. सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) टाकलं की पिवळा रंग चढत जातो, मशीन तो 405 नॅनोमीटरला मिनिटागणिक मोजतं. पाच मिनिटांत आकडा हातात.

फेब्रुवारीत मात्र डोकं फिरलं. कंट्रोल, म्हणजे मशीन पडताळायचं ठरलेल्या आकड्याचं सॅम्पल, रोज दीडपट, दुप्पट. मशीनवाला आला नि लॅम्प बदला म्हणाला. शेवटी बाटली उजेडात धरली, तर रिएजंट आधीच पिवळसर! आमचा हेल्पर झाकण उघडं टाकून मोबाईलवर गप्पा मारत पिपेटिंग करायचा. लाळेत अमायलेज सीरमच्या कितीतरी पट असतं. बारीक तुषारही पुरतो. बाटली फेकली, नवी फोडली, कंट्रोल जागेवर. आता रिएजंट काढताना मास्क लावायचा आणि तोंड बंद. लॅम्प अजून तोच आहे.

लायपेजचं किट महाग आणि नखरेल. ट्रायग्लिसराइडच्या रिएजंटमध्येच लायपेज असतं, ते फ्लो-सेलमध्ये (मशीनमधली मोजायची छोटी नळी) राहिलं की पुढच्या पेशंटचा आकडा फुगतो. एकदा लिपिड प्रोफाइल (त्यात ट्रायग्लिसराइड असतंच) झाल्यावर लायपेज लावलं आणि एका ठणठणीत माणसाला आजारी करून बसलो होतो. शंका आली म्हणून फ्लो-सेल धुऊन रिपीट केलं, नॉर्मल. तेव्हापासून लायपेज सकाळी सगळ्यात आधी.

तरी लायपेज घ्याच. आपल्याकडे माणूस आधी ओवा खातो, सोडा पितो, मग गावातलं इंजेक्शन, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लॅबमध्ये. अमायलेज तीन ते पाच दिवसांत खाली येतं, लायपेज आठवडाभर किंवा त्याहून जास्त वर राहतं. केळीच्या बागेतून आलेले एक आबा असेच: अमायलेज जेमतेम वर, लायपेज वरच्या मर्यादेच्या सहापट. गालगुंडाच्या पोराचं उलटं, अमायलेज चढलेलं, लायपेज गप्प.

खेड्यातल्या कलेक्शनवाल्यांना सांगून ठेवा, जांभळ्या झाकणाची ट्यूब नको. त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियम ओढून घेतं आणि अमायलेजला कॅल्शियम लागतं, म्हणजे आकडा खोटा खाली. पोटातलं पाणी तपासायला आलं तर आधीच सलाइननं दहापट पातळ करतो. एकदा तसंच लावलं होतं, अमायलेज इतकं जास्त की मशीननं आकडाच दिला नाही.

मेमध्ये खरी परीक्षा. खोलीच 40 वर, मशीन 37 वर स्थिर व्हायचं नाव घेईना, त्यात लाइट गेली की फ्रिजमधल्या रिएजंटची काळजी. शेवटी कूलर मशीनच्या खोलीत हलवला, आम्ही पंख्यावर. घेणार असाल तर इन्व्हर्टरचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.