स्कूल बस की रिक्षावाले काका?
धाकट्या जावेची लेक यंदा पहिलीत. बस लावायची की रिक्षा, हा घोळ काही सुटेना.

खर्चात रिक्षा बहुधा स्वस्त, शिवाय दारात येते. पण सुरक्षेचं बघा. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार बसमध्ये मदतनीस, वेगनियंत्रक हवा. शाळेत परिवहन समितीही. कागदावर, बरं का! मदतनीस खाली उतरून मूल घरच्यांच्या हाती देते का, ते थांब्यावर उभं राहून पाहा. रिक्षात मात्र काकांच्या शेजारी दाटीवाटीने बसलेली पोरं आणि बाहेर लटकणारी दप्तरं दिसली, की सरळ नाही म्हणा.

हमरस्त्याचा लांबचा प्रवास असेल तर बसच. शाळा जवळ, काका ओळखीचे, पोरं तीनच, तर रिक्षा चालेल.